सत्तेचाळीस

त्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर होता
आणि आमच्या साइटचे मेंबरही सत्तेचाळीस.
सुबोध नंदनवार म्हणाला, पाह्य बे,
दोन्ही संगच चढून राहिले.
जून आला, पारा उतरला.
आम्ही तिथंच.

नंदनवनातली त्याच्या मावशीची खोली.
कूलरमध्ये दर दोन तासांनी बादली ओतायची,
मॉनिटरखाली आयटीआयचं फिटरचं पुस्तक,
आणि सर्व्हर म्हणजे तोच एक कॉम्प्युटर
जो मावशी झोपताना बटण दाबून बंद करायची.
रात्री साडेदहाला आमचं जग बुडायचं.
मेंबरांना सांगून ठेवलं होतं :
देखभाल सुरू आहे.

पण नकाशा आमचा होता.
इतवारी आम्ही पावलांनी मोजली,
सराफा ओळ, भांडे ओळ,
गल्ल्या इतक्या अरुंद
की लांब पल्ल्याची बंदूक घेऊन येणारा
पहिल्याच वळणावर खलास.
तीन नळ चौकात थांबला तो गेला.
मिरचीच्या पोत्यांमागं लपला तर वाचतो,
फक्त मधूनच शिंक येते
आणि शिंकेवरून शत्रूला पत्ता लागतो.
ती शिंक सुबोधची.
खरी मिरची हुंगून मोबाइलवर घेतलेली,
अकराव्यांदा जमली.

मोठ्या साइटचे मेंबर चार लाख.
ती धरमपेठेतून चालते म्हणायचं कुणी,
कुणी म्हणायचं बंगळुरूहून.
आम्हाला दोन्ही सारखंच लांब.
त्यांच्या पानावर उजव्या बाजूला
मित्र-साइट्सची यादी होती,
तीत नाव यावं म्हणून मी पत्र लिहिलं,
चारदा खोडलं, इंग्रजी तपासून घेतलं
गाळेकर सरांकडून.
उत्तर दीड ओळीचं :
पाच हजारांखालच्या साइट्सशी
आम्ही व्यवहार ठेवत नाही.
खाली नाव नाही, नुसता मुकुट.

दिवाळीनंतर त्यांनी नवा नकाशा आणला.
‘पूर्वेकडचा बाजार’.
भिंती रंगवलेल्या, पाट्या पुसलेल्या,
कुठून तरी आणून एक उंट बांधलेला.
पण वळणं तीच. पोती तीच.
आम्ही श्वास धरून पोत्यांमागं बसलो
आणि सुबोध शिंकला.
म्हणजे तो माझ्या शेजारी गप्प होता,
आत शिंकला.
चार लाख लोकांत शिंकून राहिलो बे मी,
म्हणाला, हसला,
आणि समोरचे तर्री-पोहे तसेच ठेवले.
तर्रीवर तेल थिजेपर्यंत.

पुरावा हवा म्हणून मी जुनी पत्रं उपसू लागलो.
नकाशा कधी पूर्ण केला, कुणाला पाठवला.
तिथं एक उघडून विसरलेलं पत्र सापडलं.
चंद्रमणी गजभिये, उमरेड.
दादा, आमी अकरा जण आहो.
कोळसा खाणीचा नकाशा बनवला आहे.
तुमच्या यादीत नाव टाकता का?

आणि खाली माझं उत्तर.
निदान पंचवीस तरी होऊ दे, मग पाहू.
त्या तारखेला आम्ही किती होतो, काढलं.
एकतीस.

सुबोधला दाखवलं नाही.
तो मुकुटवाल्याला शिव्या लिहीत होता,
खास आपल्याकडच्या, इंग्रजीत जात नव्हत्या.

मी उमरेडची लिंक दाबली.
उघडेल असं वाटलं नव्हतं.
पडदा काळा झाला, मला वाटलं लाइट गेली,
पण तो काळोख त्यांनी केलेला होता,
खाणीतला.
टोपीवरच्या दिव्याएवढा उजेड,
ओल्या भिंती, रुळावर डबा,
आणि लांब कुठंतरी खोकला.
अभिनय नव्हता तो. कुणाच्या तरी बापाचा असावा.
मी चालत राहिलो. गोळी झाडायला कुणीच नव्हतं.
मेंबर : चार.

कोपऱ्यात चौकट होती, नाव लिहा म्हणून.
मी आडनाव आधी टाइप केलं, सवयीनं.
मग नाव लिहायला घेतलं,
अर्ध्यावर होतो
तेव्हा मागून मावशीच्या चपला वाजल्या
आणि साडेदहा झाले.